बुलगोगीचं खरं वय

कोरियन स्वयंपाकावरचं कुठलंही पुस्तक उघडा, बुलगोगीच्या पानावर पहिल्याच परिच्छेदात गोगुर्योचं राज्य भेटतं. इसवी सनापूर्वी ३७ ते इसवी सन ६६८ हा त्याचा काळ. तिथले मॅक लोक मांस मुरवून भाजत, त्या पदार्थाला मॅकजॉक म्हणत, आणि तीच आजची बुलगोगी, असं पुढे लिहिलेलं असतं. म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवून परतलेल्या गोमांसाच्या या पातळ कापांचं वय दोन हजार वर्षं झालं. वंशावळ सरळ आणि भारदस्त आहे. पण भाटाने गायलेली वंशावळ आणि दफ्तरात सापडणारी वंशावळ क्वचितच जुळते. बुलगोगीचं दफ्तर तपासलं तर घराणं जुनं निघतं, पदार्थ मात्र बराच तरुण.

मॅकजॉकपासूनच सुरुवात करू. या पदार्थाचे जुने उल्लेख कोरियन नाहीत, चिनी आहेत. चौथ्या शतकातल्या गान बाओच्या ‘सोउशेन जी’ या ग्रंथात तक्रारीच्या सुरात नोंद आहे, की इसवी सन २६५ नंतरच्या काळात चिनी उमरावांना मॅकांच्या भाजलेल्या मांसाचं वेड लागलं, आणि परक्यांच्या चालीरीतींचं हे वेड म्हणजे अपशकुनच होता. कृती त्यात नाही. ती इसवी सन २०० च्या सुमाराच्या ‘शिमिंग’ या कोशात एका ओळीत मिळते. तिचा आशय असा, की जनावर अख्खं भाजायचं आणि ज्याने त्याने आपापल्या सुरीने कापून घ्यायचं. पातळ काप नाहीत, मुरवण नाही, सोया सॉसही नाही. मॅकजॉक आणि कोरियन भाजलेलं मांस यांची सांगड ठळकपणे घातली ती विसाव्या शतकात चोए नाम-सॉन या इतिहासकाराने. देश जपानच्या ताब्यात असताना अभ्यासकांना आपल्या प्राचीनत्वाचे पुरावे हवे होते, आणि ताटातला पुरावा सगळ्यांनाच पटतो.

पुढची काही शतकं तर मांसाची ओढाताणच आहे. गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) बौद्ध धर्माला राजाश्रय होता. ११२३ साली चीनच्या सोंग दरबाराचा दूत शू जिंग तिथे आला. त्याने लिहून ठेवलं, की या देशात राजा आणि बडे मंत्री सोडले तर मेंढी-डुकराचं मांस कुणाला मिळत नाही आणि लोकांना जनावर नीट कापताही येत नाही. तेराव्या शतकात मंगोल आले. त्यांच्या वर्चस्वाखाली मांसाहार पुन्हा वाढला, राजधानी गेसॉंगमध्ये गोमांस भाजण्याच्या पद्धती रुळल्या.

मग जोसॉन राजवट आली (१३९२–१९१०), आणि तिच्याबरोबर गोमांसाविषयीचं एक विलक्षण दुटप्पी धोरण. कोरियातली भातशेती बैलावर चाले. बैल गेला तर नांगर थांबे, नांगर थांबला तर सारा बुडे. म्हणून जनावर कापण्यावर बंदीचे हुकूम वारंवार निघत. गोवध, दारू गाळणं आणि पाइन वृक्षांची तोड या तीन गोष्टींवर राज्याचा विशेष डोळा असे. पण पितरांच्या पूजेला आणि दरबारी मेजवान्यांना गोमांसच लागे. कन्फ्यूशियसच्या नावाने चालणाऱ्या राजधानीतल्या सरकारी विद्यापीठाला, सॉंगग्युनग्वानला, विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी ते हवं असे. त्यामुळे शहरातली परवानाधारक मांसाची दुकानं विद्यापीठाच्याच सेवकांकडे होती. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने परवाना, असा हा कारभार होता.

बंदीचा परिणाम काय होई, हे पाक चे-गा या विद्वानाने १७७८ च्या ‘बुखाकुई’ या पुस्तकात सांगितलं आहे. राजधानीत मांसाची २४ दुकानं, तीनशेवर गावांतल्या सरकारी कचेऱ्यांच्या खाटिकखान्यांची त्यांत भर, आणि देशभरात रोज ५०० जनावरं कापली जातात, असा त्याचा हिशेब होता. हा आकडा त्याचा अंदाज समजायचा. पण हुकूम कागदावर आणि मांस चुलीवर होतं, एवढं त्यातून कळतं.

बुलगोगीचा खरा उगम या पेचात आहे. गोमांस मिळे, पण थोडं आणि महाग. त्यातही जे मिळे ते बहुधा आयुष्यभर नांगर ओढून थकलेल्या बैलाचं, म्हणजे दोरखंडासारखं चिवट. अशा मांसाचं काय करायचं, याची उत्तरं शोधता शोधता कोरियन स्वयंपाकघराने हे तंत्र घडवलं.

एक उत्तर ‘साल्लिम ग्यॉंगजे’ या ग्रंथात आहे. हॉंग मान-सॉनने तो १७१५ च्या सुमारास लिहिला. शेती, औषधं, घरबांधणी आणि स्वयंपाक असं सगळं त्यात आहे. त्यात सॉलहाम्यॉक नावाची कृती आहे. गोमांसाचे काप काढायचे, सुरीच्या पाठीने ठेचून मऊ करायचे, सळईला लावायचे, तेल-मीठ चोपडायचं. मंद निखाऱ्यावर धरायचे, आणि गरम असतानाच झटकन पाण्यात बुडवून बाहेर काढायचे. पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा पाण्यात. असं तीनदा करून शेवटी तेल लावून भाजायचं. यात ठेचल्याने धागे तुटतात आणि पाण्याने वरचा थर करपायचा थांबून आतल्या भागाला शिजायला वेळ मिळतो. शास्त्राची भाषा नाही, पण चिवट मांस आणि प्रखर आग यांचं भांडण कसं मिटवायचं हे त्या आचाऱ्याला नेमकं कळलेलं होतं. या कृतीत सोया सॉस नाही, साखर नाही. तरी आजच्या बुलगोगीचा पूर्वज शोधायचाच असेल तर तो इथे आहे, मॅकांच्या अख्ख्या जनावरात नाही.

दुसरं उत्तर शेगडीभोवती जमून खाण्याचं. हॉंग सॉक-मोच्या १८४९ च्या ‘दोंगगुक सेसिगी’ या वर्षभराच्या चालीरीतींच्या ग्रंथात राजधानीतली एक रीत आली आहे. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात थंडी पडली, की शेगडीत कोळसे फुलवायचे, वर लोखंडी भांडं ठेवायचं आणि गोमांस तेल, सोया सॉस, अंडं, कांद्याची पात, लसूण आणि मिरचीपूड लावून भाजत खायचं. या बैठकीला नल्लोह्वे म्हणत, म्हणजे ऊबदार शेगडीची सभा. इथे पहिल्यांदा आपल्या ओळखीची यादी दिसते. साखर सोडली तर बुलगोगीचा मसाला जवळपास पुरा झालेला आहे.

या बैठकीतलं भांडं मोठं गमतीचं. त्याला जॉल्लिप्तु म्हणत. उलट्या ठेवलेल्या शिपायाच्या टोपीसारखा त्याचा आकार: मध्ये खोलगट वाटी आणि भोवती रुंद, सपाट काठ. काठावर मांस भाजायचं, त्याचा रस ओघळून मधल्या वाटीत जायचा आणि तिथे भाज्या शिजायच्या. कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात सॉंग ह्योप या चित्रकाराचं एकोणिसाव्या शतकातलं चित्र आहे. त्यात झाडाखाली बसलेले काही पुरुष अशाच भांड्याभोवती कोंडाळं करून आहेत, काहींच्या हातातल्या काड्या मांसाकडे वळल्या आहेत. थोडं मांस, भरपूर भाजी आणि रसाचा एक थेंबही वाया न जाऊ देणारं भांडं. टंचाईने घडवलेली कारागिरी म्हणतात ती अशी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शिउईजॉनसॉ’ या हस्तलिखितात नॉबियानी भेटते. रुंद, पातळ काप काढून, मसाला लावून जाळीवर भाजलेलं गोमांस. राजवाड्यातला आणि बड्या घरांतला हा पदार्थ. पांग शिन-यॉंग या बाईंचं ‘जोसॉन योरी जेबॉप’ हे पाकपुस्तक १९१७ साली निघालं आणि पुढे अनेकदा छापलं गेलं. त्यात नॉबियानीच्या मसाल्यात सोया सॉस, पात, तीळ आणि मिऱ्यांबरोबर साखर आलेली आहे. मधाची जागा साखर घेऊ लागली होती.

पण गोमांस बड्या घरांतून बाजारात यायचं तर आधी ते विकणाऱ्याची स्थिती बदलायला हवी होती. जोसॉन समाजात खाटीक हे पेकजॉंग, म्हणजे समाजाच्या अगदी तळाशी ढकललेले. वेगळ्या वस्तीत राहायचं, इतरांसारखी काळी टोपी घालायची नाही, बांबूची टोपी घालून फिरायचं. १८९४ च्या सुधारणांनी हा दर्जा कायद्याने संपवला. लोकांच्या मनातून तो संपला नाही. १९२३ साली दक्षिणेकडच्या जिंजू शहरात पेकजॉंगांनी ह्यॉंगप्यॉंगसा ही समतेची संघटना काढली. नावातलं पहिलं अक्षर तराजूचं. ज्या तराजूने ते मांस तोलत, तोच त्यांनी न्यायाची खूण म्हणून उचलला. बुलगोगीच्या गोड कहाण्यांत हे पान सहसा वगळलेलं असतं. ते वगळलं तर गोमांस दुकानात आलं कसं, तेच कळत नाही.

बुलगोगी हा शब्दही याच काळात छापील कोरियन मजकुरात दिसू लागतो. ‘बुल’ म्हणजे आग, ‘गोगी’ म्हणजे मांस, एवढा साधा. भाषातज्ज्ञ ली गी-मून यांच्या मते हा मूळचा वायव्येकडच्या प्यॉंगान प्रांतातल्या बोलीचा शब्द, आणि प्योंगयांग हे त्याच प्रांतातलं शहर. तिथल्या मोरानदे टेकडीवरच्या पाइनच्या झाडीत लोक निखाऱ्यावर गोमांस भाजून खात. १९३५ साली ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकात बातमी आली, की धूर आणि वासामुळे तिथल्या बुलगोगीला आवर घातला जातोय. आवर घालावा लागला म्हणजे गर्दी किती असेल, ते ओळखावं. हा शब्द जपानी ‘याकिनिकु’चं भाषांतर आहे, असा वाद मध्यंतरी कोरियात रंगला. पण शब्दाचे जुने दाखले पाहता भाषातज्ज्ञांनी तो मानला नाही.

१९४५ साली जपानी राजवट संपली, देशाची फाळणी झाली आणि १९५० ते १९५३ युद्ध झालं. उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेला आले. त्यांच्याबरोबर थंड शेवयांचा नेंगम्यॉन आला, तसा बुलगोगी हा शब्दही सोलमध्ये रुळला. १९४६ साली सोलमध्ये सुरू झालेलं उरेओक हे प्योंगयांगकडच्या माणसाचं उपाहारगृह आजही या दोन्ही पदार्थांसाठी ओळखलं जातं. नॉबियानी हे नाव मागे पडलं.

आज जिला जग बुलगोगी म्हणतं ती घडली यानंतर. तिच्या घडणीत कारखान्यांचा वाटा मोठा आहे. १९४६ साली सेम्प्यो ही कंपनी उभी राहिली आणि कारखान्यातला सोया सॉस घरोघर जाऊ लागला. घरी सोयाबीनच्या लाद्या आंबवून काढलेला सॉस पातळ आणि खारट असे. गव्हाची जोड देऊन जपानी धर्तीवर केलेला कारखान्यातला सॉस काळपट आणि गोडसर होता, मुरवणीला जास्त सोयीचा. १९५३ साली बुसानमध्ये चेइल जेदांगच्या कारखान्यातून देशी साखर बाहेर पडली, आणि सणासुदीची भेटवस्तू असलेली साखर हळूहळू रोजच्या डब्यात आली. पुढे मांस कापण्याची यंत्रं आली. सुरीने कितीही कसबी माणूस कापो, गोठवलेल्या मांसाचे कागदासारखे काप यंत्रच काढू जाणे. काप इतके पातळ झाले, की ते जाळीवर टिकेनात, निखाऱ्यात पडू लागले.

मग भांडं बदललं. मध्ये घुमटासारखा उंचवटा, त्यावर चिरा, आणि कडेने खंदक असलेला बुलगोगीचा तवा आला. घुमटावर मांस पसरायचं, खंदकात रस्सा ओतायचा. मांसाचा रस आणि मसाला ओघळून रश्शात उतरतो. त्यात कांदा, मशरूम आणि रताळ्याच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया शिजतात, आणि शेवटी उरलेल्या रश्शात भात कालवून खातात. हॉक्काइडोतल्या जपानी ‘जिंगिसुकान’ तव्याशी त्याचं बरंच साम्य आहे. पण जॉल्लिप्तु आठवा: तिथे वाटी मध्ये आणि मांस काठावर, इथे मांस मध्ये आणि खंदक काठाला. आकार उलटा झाला, हिशेब तोच राहिला. अर्धा किलो मांसात सहा माणसांचं जेवण उरकायचं तर रस्सा आणि शेवयांना पर्याय नाही. युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या शहरात ही रस्सेदार बुलगोगी म्हणजे चैन होती, पण परवडणारी चैन. १९३९ साली सुरू झालेलं हानिलग्वान हे सोलमधलं उपाहारगृह तिचं माहेरघर मानलं जातं.

प्रांतांनी मात्र आपलं वळण सोडलं नाही. दक्षिणेच्या ग्वांगयांगमध्ये आजही आयत्या वेळी हलकासा मसाला लावून तांब्याच्या जाळीवर, कोळशावर भाजतात. तिथे रस्सा नसतो. उल्सानजवळच्या ऑनयांगमध्ये मांस बारीक करून, मसाला लावून, जाळीवर थापून भाजतात. १९७० साली पुऱ्या झालेल्या सोल-बुसान महामार्गाच्या कामगारांनी तिची कीर्ती बाहेर नेली, असं तिथे सांगतात. तिन्ही ठिकाणी नाव एक, पदार्थ तीन.

१९८० नंतर पैसा आला आणि गंमत अशी झाली, की बुलगोगीची पत उतरली. कोरियाची देशी हानू जातीची गुरं नांगरातून सुटली होती, खास मांसासाठी पोसली जाऊ लागली होती. चरबीचं जाळं असलेलं मऊ मांस मिळू लागल्यावर ते सोया-साखरेत कशाला बुडवायचं? नुसतं मीठ लावून भाजणं हीच श्रीमंती झाली. उपाहारगृहांत गाल्बी म्हणजे बरगडीचं मांस आणि साध्या भाजलेल्या कापांनी बुलगोगीला मागे टाकलं. ती उरली शाळेच्या डब्यात, सणाच्या जेवणात आणि बर्गरमध्ये. लोत्तेरियाने १९९२ साली बुलगोगी बर्गर आणला. मॅकडोनाल्ड्सच्या कोरियातल्या बुलगोगी बर्गरची टिक्की तर डुकराच्या मांसाची. तोवर बुलगोगी ही एक चव होऊन गेली होती, मांस कुठलंही असो. २०२१ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात कोरियन शब्दांची मोठी तुकडी दाखल झाली, तीत हाही शब्द गेला.

घरी करायची तर हा इतिहास उपयोगी पडतो, कारण मसाल्यातल्या प्रत्येक जिनसाला काहीतरी काम नेमून दिलेलं आहे. अर्धा किलो मांस तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवून जरा घट्ट होऊ द्या, म्हणजे साध्या धारदार सुरीनेही दोन-तीन मिलिमीटरचे काप निघतात. धाग्यांच्या आडवं कापा; उभं कापलंत तर पुढचं सगळं व्यर्थ. चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे साखर, चार-पाच लसणाच्या पाकळ्या, अर्धा कांदा किसून, मिरपूड आणि अर्धी नाशपती किसून. नाशपती कच्चीच हवी. तिच्यातली प्रथिनं तोडणारी विकरं मांस मऊ करतात, आणि उष्णतेने ती निकामी होतात; म्हणून डबाबंद रस फक्त गोडी देतो. कोरियन नाशपती इथे सहज मिळत नाही, पण पंजाबातून येणारी कडक, रवाळ पत्थरनाख नाशपती त्याच वनस्पतीच्या जातीची आहे, ती खुशाल वापरा. कबाबाच्या सवयीने कच्ची पपई घालायचा मोह होईल. तिचं विकर फार जोरकस, इतक्या पातळ कापांचा तासाभरात लगदा होतो. तिळाचं तेल शेवटी, एक चमचा. आपल्याकडचं घाण्याचं तेल न भाजलेल्या तिळांचं असतं, त्याला तो खमंग वास नाही. तीळ भाजून, भरड कुटून घातले तर उणीव बरीच भरते. दोन-तीन तास फ्रिजमध्ये मुरू द्या. मग जाड बुडाची कढई चांगली तापवून थोडं थोडं परता. एकदम सगळं टाकलंत तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं.

मांस कुठलं, हा प्रश्न महाराष्ट्रात टाळता येत नाही. इथे १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे. दूध, पैदास, ओढकाम आणि शेतीला उपयोगी जनावरं राखणं हा त्या कायद्यात लिहिलेला हेतू. जोसॉनच्या हुकुमांतलं कारणही नांगराचंच होतं. म्हशीचं मांस मात्र कायद्याने चालतं. त्यात चरबी कमी आणि धागा राठ, म्हणजे हे तंत्र ज्या मांसासाठी घडलं त्याच्या ते हानूपेक्षा जवळचं आहे. ते नको असेल तर कोंबडीची किंवा डुकराची बुलगोगी करा. कोरियात दोन्ही घरोघर होतात. रांजणगाव, चाकण, तळेगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबं आणि उपाहारगृहं आली आहेत, तेव्हा चव आधी चाखून बघायचीही सोय आहे.

दोन हजार वर्षांचा दावा करणाऱ्यांशी वाद घालायचं कारण नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा, की गोड, पातळ, रस्सेदार बुलगोगीचं वय फार तर आपल्या आजोबांइतकं आहे, आणि तिच्यामागची युक्ती कित्येक शतकं जुनी आहे. ती युक्ती महागड्या मऊ तुकड्यासाठी कधीच नव्हती. खाटकाकडे जाल तेव्हा मांडीचा स्वस्त, राठ तुकडा मागा, आणि अर्धा किलोत सहा पानं वाढा.